नळीतून बाहेर पडण्याच्या क्रमाने

दिवाळी उलटून आठवडा झाला होता.
देवलापारच्या एसटीतून उतरून
अमरावती रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत
डोमाजी कुमरे आले, शीतपेयाच्या बाटलीत
तिखाडीचं तेल घेऊन.
बुचाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

नमुना क्रमांक दोनशे सतरा. पावती घडी करून
त्यांनी टोपीत ठेवली. उद्या या म्हटलं,
तर म्हणाले, बसतो इथंच.
"मले वास येत नाही, बाई.
तापात गेला, दोन वर्सं झाले.
इतवारीचे शेटजी मले बलावत, डबे उघडून पुसत,
डोमा, मोतिया का सोफिया?
आता कागदानं सांगावं."

सुईत घेतलं तो थेंबही नव्हता,
थेंबाची सावली म्हणा.
तीस मीटर नळी, केसासारखी बारीक,
भट्टीच्या कपाटात वेटोळं करून टांगलेली.
मागून हेलियम रेटतो, आच मिनिटाला तीन अंश चढते,
ज्याला नळीच्या भिंतीचा लळा जास्त
तो उशिरा निघतो.
"म्हंजे आमचीच भट्टी. पयले हलकं, मंग भारी."
हो. तुमचीच.

रेघ सपाट चालली होती. मग उठली.
ओसिमीन, मी म्हटलं. त्यांचा चेहरा हलला नाही.
तुळशीची मंजिरी चुरगळली तर, तसं काहीसं.
"हां. झाकण तापलं का ते येते."
लिनालूल. धने, भाजायच्या आधीचे.
"हां."

मधेमधे काही बारके सुळके उठत होते.
त्यांच्याबद्दल मी बोलले नाही.

अठराव्या मिनिटाला रेघ
जिना सोडून सरळ छपरावर गेली.
जिरॅनिऑल. एकाहत्तर पूर्णांक सहा.
हा गुलाबासारखा, मी म्हटलं.
डोमाजी हसले, पहिल्यांदाच.
"गुलाब असल तिखाडीसारखा.
तिखाडी काहून गुलाबासारखी?"

त्याच्यामागे जिरॅनाइल ॲसिटेट, नऊ पूर्णांक दोन:
पिकून फुटलेलं टेंभर.
मग कॅरिओफायलीन, मिऱ्याचा, कोरडा, थोडाच.
ते डोळे मिटून ऐकत होते.
बोटं गुडघ्यावर चोळत होते,
पाती चोळून पाहतात तशी.

मग डोळे उघडले.
"आन् हे खालचं?"

सारख्या अंतराने उभे सुळके, फणीचे दात.
कुठल्याच गवताला असे दात नसतात.
यंत्राची धूळ आहे, म्हणता आलं असतं.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
ती सुरू होईपर्यंत मी थांबले.

मातीचं तेल, मी म्हटलं.
सगळे दात मिळून नऊ पूर्णांक चार.

ते पडद्याकडे बघत राहिले.
"भट्टी आता जवाई पाह्यते," ते म्हणाले.
आणि बऱ्याच वेळाने,
"त्यानं बाटली नाकाले लावली माह्या. म्हने,
मामाजी, हुंगा, कसं झालं?
म्या हुंगलं.
म्या म्हनलं, चांगलं झालं."

अभिप्रायाच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं:
"लिवा. मराठीत लिवा, त्याले वाचता आलं पायजे."
दाराशी वळून एवढंच:
"पन मोतियाच हाय ना? सोफिया नाही?"
मोतिया, मी म्हटलं.

बूच लावण्याआधी त्यांनी बाटली नाकाशी नेली.
सवय.
ट्यूबची पट्टी तीन वेढे घट्ट ओढली.

मी सुई धुतली, दोनदा, मग आणखी एकदा.
पडद्यावर रेघ अजून चालूच होती, सपाट.
पन्नासाव्या मिनिटापर्यंत ती चालते,
आत काही उरलेलं नसलं तरी.